शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत

मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडावयास बसलें म्हणजे एक नवल दृष्टीस पडतें. झोपेचे आठनऊ तास रात्रीचे; शाळेचे पांचसहा तास गुरुजनांचे; जेवणखाण, स्नान, प्रार्थना यांचे दोनतीन तास घरच्या माणसांचे. ही सारी वांटणी झाल्यावर शाळेची शेवटची घंटा आणि घरांतील दिवेलागण यांच्या मध्यें जे तीनचार तास उरतात, त्यांचा धनी कोण, या प्रश्नाचें उत्तर मात्र कोणापाशींच नसतें. शिक्षक म्हणतात, मूल फाटकाबाहेर पडलें कीं आमची जबाबदारी संपली. आईबाप म्हणतात, आम्ही अजून लोकल गाडींतच आहों. मूल घरीं पोंचलें असेल. आणि मूल तर यांपैकीं कोठेंच नसतें. या बेवारशी तासांविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, मूल घडतें किंवा बिघडतें तें पुष्कळदां याच तासांत; आणि हे तास सांभाळण्याचें काम एकट्या आईबापांच्या किंवा एकट्या शिक्षकांच्या आवांक्यांतलें नाहीं. तें साऱ्या वस्तीनें अंगावर घेतलें पाहिजे.

उल्हास नदी खाडीचें रूप घेऊन वसईकडे समुद्रास मिळावयास निघते, त्या वाटेवर आपलें घोडबंदर आहे. येथें पोर्तुगीजांनीं किल्ला बांधला, आणि १७३७ सालीं, वसईच्या मोहिमेंत, तो मराठ्यांच्या हातीं आला. ही हकीकत आपल्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असते, व असावी. परंतु किल्ल्याच्या आसपास जीं साधीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या राहिलीं, कोळी, आगरी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आणि डोंगराच्या अंगास पाड्यांतून राहणारे वारली, त्यांच्या मुलांची सायंकाळ कशी जात असे, याचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाहीं. ज्यांस तो ऐकावयाचा असेल त्यांनीं आपल्या आजीआजोबांस विचारावें. ते सांगतील कीं, ओहोटीच्या वेळीं मूल खाडीच्या गाळाकडे वळलें तर जाळें नीट करीत बसलेला एखादा म्हातारा त्यास हांक मारून मागें बोलावी. तो त्याचा नातलग असेच असें नाहीं. शेजारची काकी जेवावयास वाढी, आणि वेळप्रसंगीं कानहि पिळी. मूल कोणाचें हें साऱ्या गांवास ठाऊक असे, म्हणून तें थोडेंबहुत साऱ्या गांवाचें असे.

याचा अर्थ जुना गांव म्हणजे स्वर्ग होता असा कोणी करूं नये. गतकाळाचें गुणगान गाणारे लोक बहुधा अर्धीच गोष्ट सांगतात. त्या गांवांत जातीची भिंत होती. पाड्यावरचें मूल आणि गांवांतलें मूल एका पंक्तीस बसत नसे. मुलींस सायंकाळ अशी नव्हतीच, कारण पाणी, सरपण आणि धाकटीं भावंडें यांतून त्यांची सुटका होत नसे. आणि पुष्कळांच्या वांट्यास शाळाच आली नाहीं. जो डोळा मुलास राखी तोच डोळा त्यास टोंचीहि. तेव्हां जुना गांव परत आणावा असें आमचें म्हणणें नाहीं, आणि आणूं म्हटलें तरी तो येणार नाहीं. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ सालीं झाली आणि महानगरपालिका २००२ सालीं. १९९१ च्या खानेसुमारींत येथील वस्ती सुमारें पावणेदोन लाख होती, ती २०११ च्या खानेसुमारींत ८,०९,३७८ भरली; म्हणजे वीस वर्षांत चौपटीहून अधिक. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेलीं, एकमेकांची भाषाहि न जाणणारीं कुटुंबें एका जिन्यावर राहूं लागलीं. यांत कोणाचा दोष नाहीं. परंतु नव्या वस्तींत हांक मारणारा म्हातारा राहिला नाहीं, आणि त्याच्या जागीं कोणास बसवावयाचें याचा विचार आपण अद्यापि केलेला नाहीं.

मग हे तास आज कसे जातात? कांहीं मुलें शिकवणीच्या वर्गांत जातात, आणि तेथून दुसऱ्या शिकवणीच्या वर्गांत. कांहीं बंद दाराआड मोबाईल घेऊन बसतात. कांहीं रस्त्यावर असतात. आणि आपला रस्ता म्हणजे ठाण्याकडे जाणाऱ्या अवजड वाहनांचा रस्ता, त्याच्या कडेला खेळणें म्हणजे जिवाशीं खेळणें होय. इमारतींच्या आवारांत जावें तर तेथें पाटी लागलेली असते कीं, येथें चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. या पाटीविषयीं आम्हांस थोडेंसें बोलल्यावांचून राहवत नाहीं. गाडीच्या काचेची किंमत प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु त्याच इमारतींतील चाळीसपन्नास मुलें रोज सायंकाळीं कोठें जातात, याची चौकशी त्या सभासदांच्या सभेंत कधीं निघाल्याचें ऐकिवांत नाहीं. मुलें आवाज करितात हें खरें. मुलांनीं आवाज केला नाहीं म्हणजे मात्र काळजी करावी.

पानाच्या टपरीचेंहि असेंच आहे. २००३ च्या कायद्यानें शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास मनाई केली आणि अठरा वर्षांखालील मुलास ती विकणें गुन्हा ठरविलें. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीहि २०१९ च्या देशव्यापी पाहणींत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८.५ जण या ना त्या रूपानें तंबाखू सेवन करीत असल्याचें आढळलें. शंभर यार्डांचें अंतर मोजावयास पोलीस रोज टेप घेऊन येणार नाहीं. परंतु ज्या टपरीवर सारी वस्ती गिऱ्हाईक आहे, तिच्या मालकास चार प्रौढ गिऱ्हाइकांनीं शांतपणें सांगितलें कीं, 'आमच्या पोरांस हें द्यावयाचें नाहीं,' तर तें त्यास कायद्याहून लवकर समजतें.

येथें आपण घटकाभर दूर देशीं जाऊं. युरोपच्या उत्तरेस आइसलंड नांवाचें थंड बेट आहे. साऱ्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आंतबाहेर, म्हणजे २०११ च्या आपल्या मीरा-भाईंदरच्या निम्मी. १९९८ सालीं तेथील पंधरासोळा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ४२ जणांनीं मागील एका महिन्यांत दारूची धुंदी अनुभविली होती, आणि शेंकडा २३ जण रोज सिगारेट ओढीत होते. २०१६ सालीं हेच आंकडे अनुक्रमें ५ आणि ३ वर आले. अठरा वर्षांत एवढा पालट कशानें झाला? दारूचे दुष्परिणाम सांगणारीं व्याख्यानें तेथें पूर्वींहि होत असत. मुलें तीं ऐकत आणि पुढें चालत. (आपल्याकडील व्यसनमुक्तीच्या सप्ताहांची येथें कोणास आठवण झाली तर तो निव्वळ योगायोग समजावा.) पुढें तेथील जाणत्यांनीं शाळाशाळांतून मुलांनाच प्रश्न विचारले आणि उत्तरें ताडून पाहिलीं. ज्या मुलांचा वेळ आईबापांबरोबर जातो, जीं मुलें आठवड्यांतून तीनचार वेळां कोणाच्या तरी देखरेखीखालीं खेळतात अथवा गातात, आणि जीं उशिरां बाहेर भटकत नाहींत, तीं मुलें बहुधा व्यसनांपासून दूर राहतात असें त्यांस दिसून आलें. तेव्हां त्यांनीं मुलांस उपदेश करण्याचें सोडून मुलांच्या सायंकाळीं बदलल्या. खेळ, संगीत, चित्रकला यांच्या मंडळांस सरकारानें पैसा दिला. राजधानी रेक्याविक येथें प्रत्येक मुलामागें अशा मंडळाच्या वर्गणीसाठीं ठराविक रक्कम नगरपालिका देऊं लागली. आईबापांनीं आपसांत करार केले कीं, आमच्या घरीं तुमच्या मुलास दारू मिळणार नाहीं. आणि रात्रीं पाळीपाळीनें पालक स्वतः रस्त्यांवरून फेऱ्या घालूं लागले. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनीं हिंवाळ्यांत रात्रीं दहानंतर एकटें बाहेर राहूं नये असा कायदाहि झाला.

आइसलंड श्रीमंत आहे आणि लहान आहे. तेथील सारेंच आपणांस उचलतां येणार नाहीं, आणि रात्रीच्या मनाईचा कायदा तर मुळींच नको, कारण आपल्याकडे अर्ध्या मुलांवर, म्हणजे मुलींवर, ती मनाई न सांगतांच लादलेली असते. परंतु पालकांची फेरी उचलावयास पैसा लागत नाहीं. जेवणापूर्वीं दोघेदोघे मिळून इमारतीपासून खाडीच्या बाजूपर्यंत चालून आले, वाटेंत मुलांशीं नांवानें बोलले, एवढेंच. प्रकृतीसहि तें हितावह आहे.

नांवानें बोलण्याची गोष्ट आम्ही सहज म्हणून लिहिली नाहीं. हवाई बेटांपैकीं काउआई या बेटावर १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर या विदुषीनें आणि तिच्या सहकाऱ्यांनीं तीं मुलें चाळिशीस येईपर्यंत घेतला. त्यांतील सुमारें तिसरा हिस्सा मुलें दारिद्र्य, घरांतील भांडणें, आईबापांचीं दुखणीं अशा कठीण परिस्थितींत वाढलीं. हीं सारीं वायां जाणार असें कोणीहि म्हणालें असतें. परंतु त्यांपैकींहि सुमारें एकतृतीयांश मुलें चांगलीं, समर्थ आणि इतरांस आधार देणारीं माणसें झालीं. त्यांच्या जीवनांत काय निराळें होतें हें पाहूं लागतां ज्या गोष्टी ठळकपणें पुढें आल्या त्यांतली एक अशी कीं, त्यांस घरांत किंवा घराबाहेर, आजी, शेजारी, शिक्षक, पाद्री, कोणी तरी एक प्रौढ मनुष्य असा लाभला होता कीं ज्यास त्यांच्याविषयीं खरी आस्था होती. जाळें नीट करणारा तो म्हातारा आठवावा.

आपल्या ख्रिस्ती सेवासंस्थांचा इतिहास पाहिला तरी तो बराचसा अशा बेवारशी तासांचाच इतिहास आहे. १७८० सालीं इंग्लंडांत ग्लॉस्टर येथें रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रकारानें रविवारच्या शाळेस चालना दिली, ती कां? सहा दिवस कामास जुंपलेलीं मुलें सातव्या दिवशीं रस्त्यांवर धुमाकूळ घालीत, त्यांस कोणी वाली नव्हता म्हणून. १८४४ सालीं लंडनांत 'यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन' निघाली ती कापडाच्या दुकानांतून राबणाऱ्या तरुणांस काम सुटल्यावर जावयास चांगली जागा नव्हती म्हणून. याच संस्थेच्या अमेरिकेंतील शिक्षणवर्गांत १८९१ सालीं हिंवाळ्यांत तरुणांस घरांत खेळावयास कांहीं तरी हवें म्हणून जेम्स नेस्मिथ यानें बास्केटबॉल शोधून काढला. आपल्या शाळेचीं मुलें ज्या खेळासाठीं दुपारची सुट्टी संपली तरी आंत येत नाहींत, त्याचा उगम हा असा आहे.

तथापि याहूनहि जवळचें उदाहरण आपल्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांत, आतांच्या पालघर जिल्ह्यांत, आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. लहानपणींच वैधव्य आलेल्या या बाई शिक्षिका झाल्या आणि पुढें सारा जन्म त्यांनीं या कामास वाहिला. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यांतील व गरीब वस्तींतील मुलें तेथपर्यंत येईनात. आपल्यासारखा कोणी असता तर 'या लोकांस शिक्षणाची आवडच नाहीं' असा शेरा मारून वही मिटून बसला असता. या बाईंनीं शाळाच उचलून मुलांच्या अंगणांत नेली. तेथेंच मुलांस धुणें, न्हाऊं घालणें, गाणीं, गोष्टी, खेळ. अंगणांत भरणारी म्हणून ती अंगणवाडी. पुढें १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांच्या मुलांत गेलें. तेथें अडचण दुसरीच. जरा मोठीं मुलें गुरें घेऊन दिवसभर रानांत. तीं शाळेंत येणार केव्हां? तेव्हां शिक्षक गुरांमागें कुरणांत गेले, आणि त्या शाळेस नांव पडलें कुरणशाळा. गुरें चरत आहेत, झाडाखालीं मुलें बसलीं आहेत, आणि भोंवतालचे दगड, पानें, बिया यांवरच मोजणें, ओळखणें चाललें आहे. १९७५ सालीं केंद्र सरकारानें एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हां अंगणवाडी हेंच नांव साऱ्या देशानें घेतलें. आज देशाच्या कोणत्याहि कोपऱ्यांत उच्चारला जाणारा हा मराठी शब्द आपल्या शेजारच्या किनाऱ्यावर जन्मला, याचा अभिमान आपल्या मुलांस असावा. आम्हांस मात्र त्यांतून हवी ती गोष्ट निराळी आहे. ताराबाई व अनुताई मुलें कोठें आहेत हें आधीं पाहत, आणि मग तेथें जात. आपली मुलें सायंकाळीं कोठें आहेत? जिन्यांत, गच्चीवर, टपरीपाशीं, मोबाईलच्या पडद्यावर. तेथें प्रौढांनीं गेलें पाहिजे. 'आमच्याकडे या' अशी पाटी लावून बसणें पुरेसें नाहीं.

खर्चाचा प्रश्न निघतो तेव्हां साताऱ्याकडे बोट दाखवावेंसें वाटतें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत. त्या काळीं ही गोष्ट किती धाडसाची होती याची आज कल्पना येणें कठीण. १९२७ सालीं महात्मा गांधींनीं त्या वसतिगृहास छत्रपति शाहू महाराजांचें नांव दिलें. मुलांनीं स्वतः शेत कसावें, दगड वाहावे, स्वयंपाक करावा आणि शिकावें, अशी तेथील रीत. 'कमवा आणि शिका' हे शब्द त्यांतूनच रूढ झाले. पैसा कमी पडला तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले. आणि गांवोगांवच्या बायकांनीं काय दिलें? मूठमूठ धान्य. घरोघरीं मूठ बाजूला पडे, ती गोळा होई, त्यास मुष्टिफंड म्हणत. ज्या घरीं स्वतःची भाकर पुरती नव्हती तेथूनहि ती मूठ येई, आणि ज्या मुलाच्या पोटांत ती जाई तो त्या घरचा नसे. अशा मुठींवर वाढलेल्या संस्थेनें पुढें महाराष्ट्रांत शेंकडों शाळा आणि कॉलेजें उभीं केलीं. आपल्या इमारतींतून आज धान्याची मूठ मागावयाची गरज नाहीं. मागावयाची ती वेळाची मूठ. ती अधिक महाग आहे, हें आम्हांस ठाऊक आहे.

आतां मुलींविषयीं. मैदान असलें आणि त्यावर सायंकाळीं केवळ मुलगेच दिसले तर त्यास सार्वजनिक मैदान म्हणूं नये. तें मुलग्यांचें मैदान झालें. बारातेरा वर्षें होईतों मुलगी भावाबरोबर धांवते; मग एके दिवशीं कोणी कांहीं न सांगतांच ती घरांत राहूं लागते. रस्त्यावर दिवा नाहीं, मैदानाजवळ स्वच्छतागृह नाहीं, परततांना टवाळखोर उभे असतात, आणि आईला पोळ्यांस हातभार हवा असतो. यांतील पहिल्या तीन गोष्टींस नगरपालिका आणि वस्ती जबाबदार आहे. चौथीस, क्षमा असावी, आपण सारे. भावानें पोळ्या लाटल्या तर बहिणीस अर्धा तास मिळतो. आठवड्यांतून निदान तीन सायंकाळीं मैदानाचा निम्मा भाग मुलींसाठीं राखून ठेवावा आणि तेथें बायकांपैकीं कोणी हजर राहावें. आरंभीं चार मुली येतील. त्या चौघींस टिकविणें हें काम.

कांहीं पालक म्हणतील, हें सारें ठीक, पण अभ्यासाचें काय? दहावीचे गुण खेळानें मिळत नाहींत. ही चिंता खोटी नाहीं. ज्यांनीं कर्ज काढून घर घेतलें आणि मुलाच्या शिक्षणावर सारी आशा ठेवली, त्यांस ती असणारच. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे कीं, पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें तरी अंग मोडून हालचाल करावी. आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८१ जणांनीं आपल्या चिंतेचें कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचेंच नांव घेतलें. ज्याची भीति इतकी मोठी आहे, त्याच्याच आणखी दोन तासांनीं ती कमी होईल काय? ज्यास कोणी तरी मैदानावर 'आज गप्प कां रे?' असें विचारतो, त्याच्या मनांतलें बाहेर येण्याचा संभव अधिक.

एक आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो टाळून जाणें योग्य नव्हे. परक्या प्रौढांच्या हवालीं मुलें करावयाचीं कशीं? मुलांस इजा करणारीं माणसें कपाळावर खूण घेऊन फिरत नाहींत. पुष्कळदां तीं ओळखीचींच असतात. म्हणून नियम आधीं, काम मागाहून. कोणाहि प्रौढानें एकट्या मुलाबरोबर बंद खोलींत बसूं नये. नेहमीं दोघे असावे, आणि जागा येणाऱ्याजाणाऱ्यास दिसेल अशी असावी. मुलांस कोणत्याहि स्पर्शास किंवा बोलण्यास 'नको' म्हणण्याचा अधिकार आहे, हें त्यांस पहिल्याच दिवशीं सांगावें. आणि तक्रार आली तर ती वस्तीच्या अब्रूसाठीं दाबूं नये. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या कायद्यानें असा गुन्हा कळूनहि न कळविणें हाच गुन्हा ठरविला आहे. हे नियम जो मनुष्य अपमान समजेल, त्यास नमस्कार करून घरीं पाठवावें. हे नियम पाळले म्हणजेच आईबाप निर्धास्तपणें मुलें पाठवितील.

मैदान सर्वांच्याच आवडीचें नसतें. ज्या मुलास चेंडूची भीति वाटते, त्यालाहि सायंकाळ आहे. १८९३ हें वर्ष आपण दोन गोष्टींसाठीं ध्यानांत ठेवावें. लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें पुण्यांत सार्वजनिक गणेशोत्सवास त्या वर्षीं जोर आला. आणि त्याच वर्षीं आपल्या ठाण्यांत मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें, तें अद्यापि चालू आहे. पहिल्या गोष्टीचें अनुकरण आपल्या गल्लोगल्लीं झालें. दुसरीचें किती झालें तें प्रत्येकानें आपल्या रस्त्यावर उभें राहून पाहावें. हें आम्ही उत्सवांच्या द्वेषानें लिहीत नाहीं. आपल्या चर्चच्या सणांतहि मंडप, दिवे आणि वाद्यें यांवर होणारा खर्च कमी नसतो. उलट, दहा दिवस जीं तरुण मंडळी वर्गणी जमवितात, रात्र जागवितात, गर्दी आवरतात, त्यांच्या अंगीं काय शक्ति आहे हें साऱ्यांनीं पाहिलें आहे. त्या वर्गणीचा दहावा हिस्सा काढला तर एक कपाट, दोनशें पुस्तकें, चार बांकें आणि एक दिवा सहज येतो. मंदिराचा सभामंडप असो, चर्चचें सभागृह असो, कीं इमारतीची रिकामी खोली. पुस्तकांस जागा कोणतीहि चालते.

विद्यार्थिमित्रहो, आतांपर्यंत तुमच्याविषयीं बोललों. आतां तुमच्याशीं बोलतों. वर सांगितलेलें सारें मोठ्यांनीं केलें तरी एक काम तुमच्याखेरीज कोणासहि होणार नाहीं. तुमच्या वर्गांतील जो मुलगा एकाएकीं डबा खाईनासा झाला, जी मुलगी चेष्टेचा विषय झाली, तें तुम्हांस आमच्या आधीं दिसतें. तें कोणा तरी भरंवशाच्या मोठ्या माणसास सांगणें म्हणजे चहाडी नव्हे. आणि स्वतःवरच असा प्रसंग आला, आणि घरीं किंवा शाळेंत बोलवेना, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. मनाच्या दुखण्यासाठीं १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. दोहोंसहि पैसे पडत नाहींत. हे दोन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर, नांवाखालीं, लिहून ठेवावे.

राहतां राहिली किल्लीची गोष्ट. शाळांचीं मैदानें सायंकाळीं कुलुपबंद असतात. कारण विचारलें तर उत्तर मिळतें कीं, कांहीं झालें तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचा हिशेब करूं. आठवड्याच्या सहा सायंकाळीं, रोज दोन प्रौढ, म्हणजे आठवड्यास बारा माणसें. प्रत्येकावर महिन्यांतून एकच सायंकाळ यावी असें म्हटलें तर अठ्ठेचाळीस माणसें पुरतात. त्यांत पेन्शनर, रात्रपाळीचे कामगार, घरीं असणाऱ्या बाया, कॉलेजांतले माजी विद्यार्थी, असे मिळून अठ्ठेचाळीस. बारा मजल्यांच्या एका इमारतींत, मजल्यास चार घरें धरलीं, तर इतकीं घरें एका जिन्यावरच असतात. नांवांची यादी शाळेच्या कचेरींत राहावी, किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि त्या दिवशीं कोण आहे हें फाटकावरच्या फळ्यावर खडूनें लिहावें, म्हणजे कामावरून परतणाऱ्या आईस तें रस्त्यावरूनच वाचतां येईल. वार्षिक परीक्षा आटोपल्या म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि हे बेवारशी तास तीनचारांचे दहाबारा होतात; तेव्हां यादीचें काम त्यापूर्वींच व्हावयास हवें. पालकसभेच्या पुढच्या बैठकींत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि त्या बैठकीस येतांना पालकांनीं आपापल्या सवडीचा वार ठरवूनच यावें.